भरली गाडी, रिकामी गाडी

मालाने भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होते. माल उतरल्यावर तीच गाडी रिकामी चढते, पुन्हा वजन होते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की मालाचे वजन हाती येते. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतले सोयाबीन, तूर, हरभरा, हळद, सरकी, पेंड, भंगार, सळई या साऱ्यांचा व्यवहार या एका वजाबाकीवर चालतो. दहा चाकी ट्रकमध्ये १८ टन सोयाबीन असेल, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये क्विंटल या हमीभावाने त्या मालाची किंमत साडेनऊ लाखांच्या वर जाते. तो आकडा ठरवणाऱ्या काट्याची फी शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असते. भरल्या गाडीचे वजन एका गावात आणि रिकाम्या गाडीचे दुसऱ्या गावात झाले, तर दोन्ही काट्यांवर हजर असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे चालक.

या काट्याला कागदोपत्री ‘वे-ब्रिज’ म्हणतात. नाशिककडे तो ‘भुईकाटा’ असतो. मराठवाड्यात नुसते ‘काटा’ म्हटले तरी पुरते. ‘गाडीचा काटा केला का?’ हा प्रश्न मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सगळ्यांना कळतो. रस्त्याकडेच्या खासगी काट्यांच्या पाटीवर मात्र बहुतेक ठिकाणी ‘धर्मकाटा’ लिहिलेले असते. हा काटा विकणाऱ्याचाही नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, तिऱ्हाइताचा आहे, असे ती पाटी सांगते. भाषेने या यंत्राच्या दोन्ही बाजू टिपून ठेवल्या आहेत. तंतोतंत वजन म्हणजे ‘काटेतोल’ आणि वजनात चोरी म्हणजे ‘काटा मारणे’.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात धान्य पायली, शेर, मण अशा मापांनी चालत असे आणि एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळेलच असे नव्हते. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि किलो-क्विंटल सगळीकडे एकच झाले. तरीही मोंढ्यात पोते पोत्याने मोजायची रीत बराच काळ टिकली. सोळा रस्ते एकत्र येणाऱ्या गंजगोलाईभोवती लातूरची पेठ वाढली, पुढे डाळमिल आणि तेलाचे कारखाने आले, १९८२ मध्ये लातूर उस्मानाबादेतून वेगळा जिल्हा झाला, आणि दूरच्या बाजारांतून ट्रकच्या ट्रक तूर व सोयाबीन येऊ लागले. नांदेडला नवा मोंढा, हळदीची आवक, धर्माबादची लाल मिरची, गोदावरीची वाळू. तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव अशी गावे जोडत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून हा माल फिरतो. तीनशे-चारशे पोती एकेक करून छोट्या काट्यावर ठेवण्यापेक्षा गाडीसकट वजन करणे सोपे, म्हणून शहरांच्या वेशीवर, एमआयडीसीच्या तोंडाशी आणि कारखान्यांच्या फाटकात मोठे काटे उभे राहिले.

जुन्या काट्यांत फलाटाखाली लोखंडी दांड्यांच्या तरफा असत. खोलीतल्या दांडीवर वजन सरकवून ती समतोल झाली की आकडा वाचायचा. आता फलाटाखाली लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर बारीक तारेची पट्टी चिकटवलेली. भार आला की पोलाद केसभर दबते, पट्टी ताणली वा आकसली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि तेवढ्या बदलावरून वजनाचा आकडा काढला जातो. चारही कोपऱ्यांतले आणि मधले लोडसेल एका जोडपेटीत येतात, तिथून तार खोलीतल्या यंत्रापर्यंत जाते. फलाट खड्ड्यात असेल तर पावसाळ्यात खाली पाणी साचते आणि काळ्या मातीचा गाळ भरतो. फलाट त्या गाळावर टेकला की भार लोडसेलवर पूर्ण येत नाही आणि वजन कमी दिसते. मराठवाड्यातल्या काट्यांच्या चुकीचे हे अगदी साधे कारण आहे. त्यात कोणाची लबाडी नसते, पण खड्डा साफ न करण्याचा आळस असतो, आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी भरतो.

काटा किती चुकू शकतो, हेही नियमाने ठरलेले आहे. ६० टनी काटा बहुधा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो. १८,२०० नंतर थेट १८,२१०. अशा काट्याला पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, पुढे २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यावर १५ किलो इतकीच चूक माफ असते. वापरातल्या काट्याची तपासणी झाली तर ही मुभा दुप्पट धरतात. म्हणजे लातूरच्या काट्यावर आणि नांदेडच्या काट्यावर एकाच गाडीच्या वजनात वीस-तीस किलोंचा फरक आला, तरी दोन्ही काटे कायद्याने बरोबर असू शकतात. ही गोष्ट माल घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यायला हवी, कारण याच वीस-तीस किलोंवरून चालकाला चोर ठरवले जाते. फरक तीनशे-चारशे किलोंचा असेल तर गोष्ट वेगळी. तो यंत्राच्या मुभेत बसत नाही.

हे सारे २००९ च्या वैधमापन शास्त्र कायद्याखाली येते. तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांप्रमाणे मोठ्या काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो, शिक्का मारतो, प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र काट्याच्या खोलीत सहज दिसेल असे लावायचे असते. एक टन आणि त्यावरच्या क्षमतेच्या काट्याशेजारी, क्षमतेच्या दहाव्या भागाइतकी किंवा एक टन, यांपैकी जी कमी असतील तेवढी तपासणीची वजनेही ठेवावी लागतात. ६० टनी काट्याला म्हणजे एक टन वजने. ज्या काट्यावर ही वजने दिसत नाहीत आणि प्रमाणपत्र मागितले तर ‘साहेबांकडे आहे’ असे उत्तर मिळते, त्या काट्यावर गाडी न चढवलेली बरी.

आता एका गाडीचा हिशोब जवळून पाहू. दहा चाकी ट्रकमध्ये सोयाबीनचे ३६० कट्टे, प्रत्येकात ५० किलो. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, वजन १८,००० किलो. पहाटे गाडी काट्यावर येते. चालक पुढची-मागची सगळी चाके फलाटावर आहेत हे खाली उतरून बघतो, इंजिन बंद करतो. क्लीनर उतरतो. खोलीतल्या आकड्याची चाळवाचाळव थांबते आणि तो स्थिर होतो: २७,४७०. याच गाडीचे रिकामे वजन ९,२६०. वजाबाकी १८,२१०. बिल्टीपेक्षा २१० किलो जास्त कुठून आले? ज्यूटचे एक पोते साधारण ५८० ग्रॅमचे. ३६० पोत्यांचा बारदाना २०९ किलोंचा झाला. काटा १० किलोच्या टप्प्याने चालतो, म्हणून २१०. हिशोब जुळला. पण समोरच्या गावात ज्याने माल उतरवून घेतला त्याने आपल्या सोयीने बारदाना दोनदा वजा केला, तर दोन क्विंटल माल ‘कमी’ भरतो आणि अकरा हजारांचा बोजा गाडीवाल्यावर येतो. मोंढ्यातली भांडणे बघितली तर त्यांतली बरीचशी अशा बारदान्यातून आणि वजाबाकीतून निघालेली दिसतात.

रिकाम्या गाडीचे वजन हे या व्यवहारातले सर्वांत कच्चे ठिकाण आहे. भरल्या गाडीकडे दहा जणांचे डोळे असतात, रिकामी गाडी कोणी बघत नाही. ३०० लिटर डिझेलचे वजन सुमारे २५० किलो. भरून आलेल्या गाडीची टाकी रिकामी असेल आणि माल उतरवून काट्यावर परतताना वाटेत ती पूर्ण भरली, तर मालाच्या वजनात तेवढे २५० किलो कमी दिसतील. उलट रिकाम्या गाडीचा काटा आधी, टाकी कोरडी असताना केला आणि भरल्या गाडीचा डिझेल भरून केला, तर माल तेवढाच वाढलेला दिसेल. स्टेपनी शंभर किलोंच्या आसपास. केबिनमध्ये दोन माणसे जास्त बसली तर सव्वाशे किलो. पावसात भिजलेली ताडपत्री, दोरखंड, चाकांना थापलेला चिखल, पाण्याचा ड्रम, हे सगळे मालात मोजले जाऊ शकते. भंगाराच्या आणि कापसाच्या धंद्यात मालावरच पाणी मारतात. या युक्त्या चालकांना ठाऊक असतात. त्यांतल्या बऱ्याच कोणाच्या तरी सांगण्यावरून होतात, हेही तेवढेच खरे. माल भरणारा सांगतो, उतरवून घेणारा सांगतो, आणि काट्यावर नाव चालकाचे लागते.

काट्याच्या फीपाशी आले की प्रामाणिकपणाचा प्रश्न आणखी छोटा आणि आणखी अवघड होतो. ग्राहकाकडून काट्याने किती पैसे घ्यायचे, हे वैधमापन कायदा ठरवत नाही. काटामालकाने सरकारला भरायची पडताळणी फी तेवढी तो ठरवतो. म्हणून फी काट्यागणिक, गाडीच्या आकारागणिक वेगळी. अनेक काट्यांवर भरल्या आणि रिकाम्या अशा दोन वजनांची मिळून एकच फी असते. पहिले वजन गाडीच्या नंबरावर यंत्रात राहते, गाडी परतली की दुसरे वजन त्याच पावतीवर चढते. इथे काटेवाल्याला चालकाच्या शब्दावर जावे लागते. ‘मघाचीच खेप आहे, रिकामी करून आलो’ असे सांगून दुसऱ्याच खेपेचा काटा फुकटात करून घेता येतो. वाळू-मुरुमाच्या खेपा मारणारा चालक सकाळचेच रिकामे वजन दिवसभर चालवतो. रोजच्या गिऱ्हाइकाला काटेवाला उधारीवर वजन करून देतो आणि महिन्याने हिशोब करतो. काही चालक पैसे चुकवतात. पण हा धंदा उधारीवर चालतो, म्हणजे बहुतेक जण चुकवत नाहीत. तसे नसते तर उधारीची वही कधीच बंद झाली असती.

दुसरी बाजू मालकाच्या वाटखर्चीची. गाडीमालक चालकाला डिझेल, टोल, जेवण, काटा यांसाठी रोख रक्कम देतो आणि परतल्यावर पावत्या मागतो. शंभराच्या काट्याची दीडशेची पावती लिहून घेणे, न केलेल्या काट्याची पावती जोडणे, असे प्रकार हाताने पावती फाडायच्या काळात सहज होत. आता पावती यंत्रातून निघते. तिच्यावर क्रमांक, तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर असतो, कित्येक काट्यांवर कॅमेऱ्याचे छायाचित्रही. पन्नास रुपयांची ही चोरी चोरीच आहे. पण ती करणारा माणूस बारा-चौदा तास गाडी चालवतो, त्याचा पगार कमी आणि भत्ता त्याहून कमी असतो, हे विसरून तिचा विचार केला तर तो अपुरा राहील.

बाजार समितीत वजनाचा खर्च आणखी जुन्या भांडणात गुंतलेला आहे. तिथे चढ-उताराची ‘हमाली’, मापाड्याची ‘तोलाई’ आणि गाडीत माल लावण्या-उतरवण्यापोटी ट्रकवाल्याकडून घेतली जाणारी ‘वाराई’ असे तीन शब्द चालतात. डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमाल-मापाड्यांना संघटित केले, १९६९ चा माथाडी कायदा झाला, आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्यांना मजुरीची हमी मिळाली. ती मिळायलाच हवी होती. प्रश्न उरतो तो पैसे कोणाच्या खिशातून जावेत हा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बटण दाबून वजन होत असताना शेतकऱ्याने तोलाई का द्यावी, असे शेतकरी विचारतात. हमाली-तोलाई-वाराई शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून कापायची की नाही, या वादावरून एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले होते. वाहतूकदारांनी आपले म्हणणे चार शब्दांत मांडले आहे: ज्याचा माल त्याचा हमाल. माल चढवायचा-उतरवायचा खर्च मालवाल्याचा, गाडीवाल्याचा नव्हे. काट्याच्या फीलाही हेच लागू व्हायला हवे. वजन मालाचे होते, त्याचा फायदा माल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला. मग फी चालकाच्या वाटखर्चीतून का जावी? ती तशी गेली की चालक स्वस्त काटा शोधतो, एक वजन टाळतो, जुने रिकामे वजन सांगतो, आणि मग त्याच्याच प्रामाणिकपणावर शंका घेतली जाते.

वाटेतल्या घटीचेही तसेच. सोयाबीन ओले असते. सरकारी खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. ओला हंगाम पाहून नोव्हेंबर २०२४ मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. २० टन सोयाबीन साडेबारा टक्के ओलाव्याने भरले आणि वाटेत, उन्हात, थांब्यावर ते १२ टक्क्यांवर आले, तर ११४ किलो वजन हवेत जाते. एकही दाणा सांडलेला नसतो. उतरवून घेणारा मात्र घटीचे पैसे भाड्यातून कापतो आणि गाडीमालक ते चालकाकडून वसूल करायला बघतो. रस्तेवाहतुकीचा २००७ चा कायदा इथे स्पष्ट आहे. माल पाठवणाऱ्याने दिलेल्या तपशिलाच्या खरेपणाची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि मालाच्या नुकसानीची जबाबदारी वाहतूक कंपनीची, म्हणजे बिल्टी फाडणाऱ्याची. वेतनविषयक कायदाही सांगतो की कामगाराच्या ताब्यातल्या मालाचे नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झाले असेल तरच, तेही त्याचे म्हणणे ऐकून घेऊन, पगारातून कापता येते. मोंढ्यातल्या रिवाजाला या दोन्हीचा पत्ता नसतो.

चालकांमध्ये चोर नसतात असे कोणी म्हणणार नाही. पोत्यात पोकळ नळी खुपसून किलो-दोन किलो काढून घेणे, ढाब्यावर चार कट्टे उतरवून तेवढे पाणी इतरांवर मारणे, हे घडते. काही ठिकाणी तर चोरी काट्यातच बसवलेली असते. जोडपेटीत छोटे यंत्र लपवून दुरून बटणाने वजन कमी-जास्त करण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी पकडले गेले आहेत, आणि तिथे चालकाचाही हात असू शकतो. याहून मोठी गोष्ट नांदेडमध्येच घडली. जुलै २०१८ मध्ये पोलिसांनी नायगाव तालुक्यातल्या कृष्णूर एमआयडीसीत स्वस्त धान्य दुकानांसाठी निघालेल्या गहू-तांदळाचे ट्रक काळ्या बाजाराच्या संशयावरून पकडले आणि ते प्रकरण पुढे राज्यभर गाजले. अशा प्रकरणात काट्याची पावती अगदी बरोबर असू शकते. गाडीत किती माल आहे हे काटा सांगतो, गाडी कुठे चालली आहे हे त्याला कळत नाही. गरिबाच्या ताटातले धान्य ज्या गाडीतून वळवले जाते, त्या गाडीच्या चालकाला आपण काय करतो आहोत हे माहीत असते. पोटासाठी केले, मालकाने सांगितले, ही कारणे तिथे पुरत नाहीत.

उसाच्या हंगामात चित्र उलटे होते. लातूर जिल्ह्यात मांजरा, विकास, रेणा यांसारखे कारखाने, नांदेडकडे भाऊराव चव्हाण कारखाना. दिवाळीनंतर फाटकाबाहेर ट्रक आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. ऊस शेतकऱ्याचा, काटा कारखान्याचा. खरेदीदाराच्याच काट्यावर विकणाऱ्याच्या मालाचे वजन होते आणि विकणारा बहुतेक वेळा तिथे नसतोही. तो गावात दुसऱ्या खेपेची तोडणी बघत असतो. ‘काटामारी’ हा शब्द महाराष्ट्रात घराघरात पोचला तो ऊस आंदोलनांतून. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, आहे. १५ टनांच्या खेपेत २०० किलो कमी दाखवले तर शेतकऱ्याचे ७१० रुपये गेले. इथे चालक कोणाच्या बाजूने असतो? उसाच्या वाहतुकीचे भाडे टनावर मिळते. वजन कमी भरले तर त्याचेही भाडे बुडते, तोडणी टोळीची मजुरीही बुडते. शेतकरी, टोळी आणि चालक या तिघांचे नुकसान एकाच आकड्याने होते. म्हणून काटामारीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार चालकच आहे. तोच गाडी महिनाभर त्याच फडातून त्याच काट्यावर नेतो आणि गाडीच्या दबलेल्या पाट्यांवरून तिच्यात किती माल आहे हे अंदाजाने ओळखतो. तो बोलत नाही, कारण त्याने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि पुढची खेप त्याच फाटकातून न्यायची असते.

दरवर्षी जिल्हाधिकारी काटे तपासायला भरारी पथके नेमतात. त्यांत महसूल, पोलिस, वैधमापन निरीक्षक आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. साखर आयुक्तालयाने असेही बजावले आहे की बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारता कामा नये. हा अधिकार कागदावर चांगला आहे. तो वापरायचा तर चालकाला गाडी वाट वाकडी करून धर्मकाट्यावर न्यावी लागते, फी भरावी लागते आणि रांगेतला नंबर गमवावा लागतो. शेतकऱ्याने ती फी आणि तो वेळ चालकाला भरून दिला तरच हे घडते. ज्या गावांत पाच-सात शेतकरी मिळून आलटून-पालटून खेपा बाहेर तोलून बघतात, तिथे खर्च वाटला जातो आणि आकडेही जमा होतात.

काट्याचे आणखी एक काम आहे, त्याचा मालाशी संबंध नाही, रस्त्याशी आहे. प्रत्येक गाडीचे ‘पासिंग’ ठरलेले असते, म्हणजे मालासकट जास्तीत जास्त किती वजन घेऊन ती रस्त्यावर येऊ शकते. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ही मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला, म्हणजे आसाला, १०.२ टनांऐवजी ११.५ टन, दोन आसांच्या टँडमला १९ ऐवजी २१ टन, आणि सहा चाकी ट्रक १६.२ वरून १८.५ टनांवर गेला. मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २ हजार. काट्यावर जायला नकार दिला किंवा वजनाआधीच माल उतरवला तर चालकाला ४० हजार. कलम ११४ नुसार अधिकारी पुढच्या वाटेपासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर गाडी न्यायला सांगू शकतो. रस्त्याचे नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढते, असे अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या मोठ्या रस्ताचाचणीतून दिसले. आसावरचा भार दुप्पट झाला तर नुकसान सोळा पट. गोदाकाठच्या वाळूच्या रस्त्यांवर हे डोळ्यांनी दिसते. वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, कोरड्या वाळूचे साडेचार टनांच्या आसपास आणि ओलीचे त्याहून जास्त. नदीतून नुकतीच काढलेली तीन ब्रास ओली वाळू सहा चाकीत भरली की पावती ब्रासची बरोबर असते, आणि पासिंग केव्हाच ओलांडलेले असते. भरणारा मालक किंवा ठेकेदार. गाडी अडवली की समोर चालक. कायदा मात्र गाडी चालवणाऱ्याइतकेच ती चालवायला लावणाऱ्यालाही धरतो.

भाड्याच्या गाडीने माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात यातल्या काही गोष्टी आहेत. गाडी चढण्याआधी यंत्रावर शून्य आहे का, ते बघावे. सगळी चाके फलाटावर असावीत, केबिन मोकळी असावी. दोन्ही वजनांच्या वेळी डिझेल साधारण सारखे असावे, नसेल तर पावतीच्या मागे लिहून घ्यावे. रिकाम्या गाडीचा काटा त्याच दिवशी, शक्यतो डोळ्यांदेखत करावा. मागच्या महिन्याचा आकडा मानू नये. बारदाना किती आणि कसला, हे बिल्टीवर लिहावे. काट्याबद्दल शंका आली तर जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि काट्याची फी चालकाच्या हातावर स्वतः ठेवावी, दोन्ही वेळची. सोयाबीनच्या गाडीत काट्याचा एक टप्पा चुकला, म्हणजे १० किलो, तर हमीभावाने ५३३ रुपयांचा फरक पडतो. एका वेळची फी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.